शेळ्यांच्या कोठ्यातलं मशीन

बायको चैत्रात गेली आणि आषाढात मी तिच्या शेळ्यांच्या कोठ्यात लेथ मशीन आणून बसवलं. मधल्या तीन महिन्यांत काय केलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. जेवलो असेन, झोपलो असेन. दहाव्याला डोक्याचे केस काढले होते ते परत आले, एवढं मात्र आरशात दिसायचं.

मी टर्नर. पुण्याकडच्या एका कंपनीत बावीस वर्षं लेथवर उभा राहिलो. गाव चौसाळ्यापासून आत, हायवे सोडून पाऊण तासाच्या चालीवर. महिन्यातून दोनदा यायचो. शनिवारी उशिरा पोचायचं, रविवारी दुपारी परत फाट्यावर जाऊन उभं राहायचं. ती सोडायला यायची. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे घरात तिच्या सोबतीला फक्त माझे वडील आणि शेळ्या. फाट्यावर बसची वाट बघताना ती दर वेळी तेच म्हणायची, "आवो, हितंच टाका की एखादं दुकान. मी शेळ्या इकते, कोठा मोकळा करून देते." मी म्हणायचो, बघू. बावीस वर्षं बघत होतो. मग दोन महिने ती दवाखान्यात होती, आणि मग बघायचं काही उरलं नाही.

तेराव्यानंतर मी कंपनीला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. शेळ्या पाहुण्यांनी नेल्या. कोठा मोकळा झाला. तिनं करून द्यायचा तो असा झाला.

मी मुळात तिरसट माणूस. बोलणं कमी आणि त्यातलं निम्मं टोचून. ती असताना घरात आवाज असायचा तो तिचा आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा अठ्ठ्याहत्तरचे. दिवसभर सून आणि सासरा एकमेकांशी बोलत असायचे. कुणाची म्हैस व्याली, कोण कोणत्या मुकादमाकडून ऊसतोडीला चाललंय, कुणाच्या भाजीत मीठ जास्त. मी घरी आलो की दोघं जरा दबकून बोलायचे. आता आम्ही दोघं बाप्येच उरलो. भाकरी शेजारची चुलत भावजय टाकून पाठवायची, संध्याकाळी मी खिचडी लावायचो. "जेवता का", "लाइट आली का", "दार लावा". एवढ्यात आमचा दिवस उरकायचा. एकदा आबा ताटावरून न उठता म्हणाले, "बोलत जा रं कायतरी. घर खायला उठतंय." मी मान हलवली आणि हात धुतले.

मशीन चौसाळ्याच्या भंगारवाल्याकडे सापडलं. कुठलंसं जुनं वर्कशॉप मोडलं होतं, त्यातलं. सहा फुटी, पट्ट्यावर चालणारं, अंगावर हिरवा रंग आणि त्यावर काळ्या वंगणाचा थर. भंगारवाला ते तोडून वजनावर विकणार होता. मी खाली वाकून नखानं वंगण खरवडलं, बेडवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, तोडू नका. बेड म्हणजे मशीनच्या त्या दोन लांब लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावरून कापायचं हत्यार मागे-पुढे सरकतं. मशीनचा जीव त्यात असतो. बाकी सगळं बदलता येतं. हा बेड चकाजवळ, म्हणजे गज पकडून फिरवणाऱ्या तोंडाजवळ, जिथे जास्त काम झालेलं असतं तिथे, झिजून खोलगट झाला होता. त्यावर गज कातला तर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघणार. असलं मशीन शहाणा माणूस घेत नाही. मी घेतलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ते गावात आलं तेव्हा पारावरची माणसं उठून बघायला आली. एकानं विचारलं, हे काय करतं रं? मी म्हणालो, लोखंड गोल करतं. तो म्हणाला, गोलच लोखंड आणावं की मग. सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण रागही आला नाही, तो मात्र पूर्वी आला असता.

पुढचे काही आठवडे मी मिळेल त्यातून दुकान उभं करत होतो. कोठ्यात तिची कडबाकुट्टी होती, शेळ्यांचा चारा कापायची. तिची मोटर काढून लेथला लावली. तिच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड होता, त्यावर धारेचा गोल दगड बसवून ग्राइंडर केला. पायडल तसंच ठेवलं, लाइट नसली की पायानं चालतो. गावाबाहेर एक बिघडलेला हापसा कधीचा पडून होता. ग्रामपंचायतीला विचारून त्याचा दांडा आणला आणि ड्रिल खाली दाबायचा दांडा त्याचाच केला. ट्रकचा जुना ब्रेकड्रम ही भट्टी, मोडक्या कूलरचा पंखा हा भाता, रुळाचा एक तुकडा ही ऐरण. हे सगळं करताना आपण हुशारी करतोय असं वाटायला हवं होतं. कंपनीत असली एखादी जुगाडी वस्तू केली की मी चार जणांना बोलावून दाखवायचो. इथे फक्त एक नट आवळायचो आणि दुसरा घ्यायचो. तिच्या वस्तू मोडतोय याचंही काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, हे मात्र कळत होतं.

शेवटी बेड राहिला. तो सरळ करायचा एकच मार्ग माझ्या हाताशी होता. मोठ्या कारखान्यात त्याला घासायच्या दगडाची मशीनं असतात. इथे हातानं खरवडायचा. एक अगदी सरळ लोखंडी पट्टी घ्यायची, तिला रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती बेडवर ठेवून हलकेच घासायची. बेडवर जिथे उंचवटा असेल तिथे रंग लागतो. तेवढाच ठिपका खरवडायचा. पुसायचं, परत रंग, परत पट्टी, परत खरवडायचं. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग उमटतात. शेवटी साऱ्या बेडवर सारखे बारीक ठिपके आले की बेड सपाट झाला. खरवडायचं हत्यार मी जुन्या कानशीचं टोक घासून केलं.

कंपनीत या कामाला निळ्या रंगाची ट्यूब मिळायची. इथे ती कुठली मिळायला? पण मला ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी काम शिकवलं ते शेंदूर वापरायचे. शेंदूर तेलात कालवला की लोखंडावर स्वच्छ ठिपका उमटतो. आबा बाजाराला निघाले होते. मी कोठ्यातूनच म्हणालो, "येताना शेंदूर आणा."

ते दारात थांबले. "शेंदूर?"

"हां. जास्तच आणा."

एवढंच. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी कागदाची भली मोठी पुडी माझ्या हातात दिली. देताना दोन्ही हातांनी दिली, हे मला नंतर आठवलं.

श्रावण आणि भादवा मी त्या बेडवर वाकून काढला. सकाळी दहाला बसायचो, पाठ धरली की उठायचो. लोकांना आता सांगता येईल की ते काम म्हणजे माझं दुःख होतं वगैरे. तसं काही नव्हतं. खरवडताना मला तिची आठवण यायची नाही, म्हणूनच मी खरवडत होतो. डोळ्यांपुढे लाल ठिपका, हातात कानस, एवढंच जग. पण एक ठरवलं होतं. हे मशीन सरळ कापायला लागलं तर इथेच राहायचं, नाही लागलं तर भंगारात देऊन परत कुठल्या तरी कंपनीत जाऊन उभं राहायचं, आणि मग या घरी यायचं नाही. हे मी आबांना बोललो नव्हतो. पण त्यांना कळलं असावं, कारण एकदा ते म्हणाले, "न्हाई जमलं तर काय करतूस?" मी पट्टी पुसायला घेतली. ते कोठ्याच्या दारात बराच वेळ उभे होते.

संध्याकाळी उठताना मी शेवटचा शेंदराचा हात तसाच ठेवायचो, म्हणजे सकाळी उजेडात ठिपके नीट दिसतात. त्याआधी बेड रॉकेलनं पुसलेला असायचा. म्हणजे शेंदराचे ठिपके सोडले तर लोखंड उघडं, तेलाचा थेंब नाही. हे धोक्याचं असतं, पण एका रात्रीत काही होत नाही.

आणि तरी होऊ लागलं. सकाळी बघावं तर चकाजवळच्या वीतभर जागेत तांबूस गंज. बाकी बेड स्वच्छ, नेमकी तीच जागा, जिथे माझं सगळ्यात नाजूक काम चाललेलं. गंज काढला की त्याबरोबर केसाच्या निम्म्या जाडीचं लोखंडही जायचं आणि तिथला खड्डा परत खोल व्हायचा. मग तो भरून काढायला सगळा बेड तेवढा खाली घ्यायचा. आठ दिवसांचं काम एका सकाळी मागे जायचं. आधी पत्र्यावरून दव गळतं असं वाटलं. मी वर चढून सगळ्या भोकांना डांबर लावलं. परत गंज. ताडपत्री टाकली. सकाळी ताडपत्री जागच्या जागी, आणि खाली गंज. एकदा बेडवर रुईचं एक पान सापडलं. वाऱ्यानं आलं असेल म्हणून टाकून दिलं. ताडपत्रीखाली वारा कसा शिरला, हा विचार करण्याइतकंही डोकं चालत नव्हतं.

मग माझ्या मनानं घेतलं की जमीन खारी आहे. इतकी वर्षं शेळ्यांचं मूत मुरलेलं, त्याची वाफ उठत असणार. मी मशीनभोवतीची सगळी जमीन ढोपरभर उकरली. काळी माती, लेंड्यांचा थर, वासाची. पाट्या भरभरून उकिरड्यावर नेली आणि जागी मुरूम भरून चोपला. ती दर दिवाळीला ही जमीन सारवायची. उकरताना तिचं काही सापडेल, बांगडीचा तुकडा, शेळीच्या गळ्यातली घंटी, असं मला वाटत होतं. काही सापडलं नाही. चार दिवस त्यात गेले. पाचव्या सकाळी गंज होता.

त्या दिवशी मी बेडवर कानस आपटली. एक खाच पडली, अजून आहे. आबा बाहेर बाजेवर बसले होते, त्यांनी आवाज ऐकला. मी बाहेर येऊन म्हणालो, "दसऱ्यापतोर बघतो. न्हाई तर इकून टाकतो." त्यांचा चेहरा पडला, एवढं दिसलं.

दसरा आठ दिवसांवर आला होता. त्यानंतर गाव ऊसतोडीला निघतं, म्हणून बायका कोयत्यांना धार लावायला येत होत्या. वरच्या आळीतली एक जण म्हणाली होती की मी उजाडायच्या आत येईन, मला पुढं रानात जायचंय. तिच्यासाठी मी त्या दिवशी लवकर उठलो. एरवी पहाटे कुठे डोळा लागायचा आणि मग मी नऊपर्यंत पडलेला असायचो. फटफटलं होतं. कोठ्याचं दार अर्धवट उघडं दिसलं.

आत आबा होते. अंगावर ओलं धोतर, हातात तांब्या. ताडपत्री त्यांनी व्यवस्थित दुमडून बाजूला ठेवली होती. चकाजवळ, बेडवर, जिथे शेंदूर होता तिथे, ते तांब्यातलं पाणी बारीक धारेनं सोडत होते. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला, मशीनवर रुईचं पान ठेवलं, हात जोडले आणि ओठ हलवत उभे राहिले. दारात मी आहे हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी पान उचललं, धोतराच्या सोग्यानं पाणी टिपलं, बेताबेतानं, शेंदूर पुसला जाऊ नये म्हणून कडेकडेनं, आणि ताडपत्रीला हात घातला.

वेशीतल्या मारुतीला रोज सकाळी पाणी घालायला जाणारा हा माणूस. दोन महिने झाले जात नव्हता. मला वाटलं होतं सून गेली म्हणून देवावर रुसले असतील, किंवा गुडघे धरले असतील. मी तेही विचारलं नव्हतं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मशीनला कुणी आंघोळ घालतं का, दोन महिने मी इथे वाकून मरतोय, पत्रे डांबरले, जमीन उकरली, तुमच्यामुळं, तुमच्या ह्या अडाणीपणामुळं. कोयता घेऊन आलेली बाई अंगणातूनच मागे फिरली. मी थांबलो तेव्हा मला धाप लागली होती. चैत्रापासून मी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो.

आबांनी तांब्या उचलला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मशीन हाय ते मला कळतं. मी काय बावळा न्हाई. पर शेंदूर तू लावलास. मला आणायला लावलास. लावला म्हंजे त्याचं करावं लागतं रोजचं, न्हाई तर कोप हुतो. घरात आदीच काय झालंय. तू करीत नव्हतास, मंग मी करीत व्हतो."

मग ते माझ्या अंगावरून बाहेर गेले.

मी तिथेच मुरुमावर बसलो. शेंदूर आणा म्हटलं त्या दिवशी, रंगाला पाहिजे, असं आणखी एक वाक्य बोललो असतो तर यातलं काहीही झालं नसतं. तो गंज तांब्यातल्या पाण्याचा होता खरा, पण पाणी त्यांनी माझ्या गप्प बसण्यामुळे घातलं होतं. दुसरा दोष द्यायला कुणी नव्हतं. शेळ्यांनाही उगाच दिला.

दोन दिवस आम्ही एकमेकांना टाळलं. आबा पहाटे उठायचे, आंघोळ करायचे आणि रिकाम्या हातानं बाजेवर येऊन बसायचे. वेशीकडेही जात नव्हते. मी बेड परत खरवडायला घेतला. या वेळी गंज आला नाही. ठिपके भराभर जुळत गेले. दुसऱ्या संध्याकाळी साऱ्या बेडवर सारखे बारीक ठिपके उमटले, शेवटच्या टोकापर्यंत. एक गज लावून कातला. दोन्ही टोकं मोजली. परत मोजली. सारखी होती. मला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी होईल. काही झालं नाही. मी मशीन बंद केलं, आणि कोठ्यात एकदम शांत झालं, आणि ही गोष्ट सांगायला घरात एकच माणूस आहे आणि मी त्याला अडाणी म्हटलंय, एवढंच डोक्यात आलं.

सकाळी मी त्यांच्या आधी उठलो. ते आंघोळ करून आले तेव्हा मी बाजेपाशी उभा होतो.

"आबा," मी म्हणालो, "मशीन सरळ कापायलंय. पाणी न्हाई चालत त्याला. गंजतं. तेल चालतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रोज?"

"रोज. रोज लागतंच."

ते उठून माझ्यामागे कोठ्यात आले. चप्पल बाहेर काढली. मी तेलाचा डबा आणि सुती फडकं त्यांच्या हातात दिलं, आणि कसं पुसायचं ते दाखवलं, चकापासून मागे, एकाच दिशेनं. काम नीट होतं. शेंदूर पुसला गेला तेव्हा ते क्षणभर थांबले. मी म्हणालो, आता त्याचं काम झालं, राहू द्या. ते पुढे पुसत गेले.

मग मी विचारलं, रोज हात जोडून काय मागत होता म्हणून. मला वाटलं होतं, म्हणतील, तुझं बरं होऊ दे, नाहीतर, तू जाऊ नको.

"मागायचं काय आता," आबा म्हणाले. फडकं चालूच होतं. "निरोप द्यायचो. म्हणायचो, तिला सांग, आलाय म्हणावं घरी. कोठ्यातच टाकलंय दुकान."

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी शिलाई मशीनच्या स्टँडला धरून उभा राहिलो. बाहेर ती कोयतेवाली बाई परत आली होती, तिला मी जरा थांबायला सांगितलं.

"अजून काय काय सांगितलंत तिला?" मी विचारलं.

आबांनी फडकं पिळलं, दुमडून बेडच्या कडेला ठेवलं. "लई," ते म्हणाले. "दोन म्हयन्याचं हाय. बस, सांगतो."